दोष ओतणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा

त्या घरातली एक खिडकी सत्तावीस वर्षं बंद झालेली नव्हती. थंडीत नाही, वादळात नाही, घरात कुणी तापानं फणफणलेलं असतानाही नाही. पाणी आत आलं तर खाली पोतं टाकायचं, धूळ आली तर पुसायची, पण खिडकीची दारं भिंतीला टेकलेलीच. नवा पाहुणा आला की अंग आखडून बसायचा आणि थोड्या वेळानं विचारायचा, "खिडकी जरा लावू का?" त्यावर अप्पा, म्हणजे त्या घरातले वडील, शांतपणे म्हणायचे, "ती लागत नाही." आणि त्यांची मुलगी चहा टाकायला आत जायची, कारण पुढचं बोलणं कुठे जाणार ते तिला पाठ होतं.

मुलगी म्हणजे काही लहान नव्हे. एक्कावन्न वर्षांची बाई. उंचीला कमी, अंगानं काडी. म्हणून अप्पांनी लहानपणीच तिचं नाव 'छटाक' ठेवलं आणि ते बाजारभर झालं. तिचं लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. ह्याबद्दल कुणी खोदून विचारलं तर ती म्हणायची, "माप जुळलं नाही," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

घराच्या खालीच दुकान. वजनकाटे दुरुस्त करण्याचं. आधी ते अप्पांचं होतं, मग दोघांचं झालं, आणि अप्पांचे हात कापायला लागल्यापासून तिचं. हल्ली बटणांचे काटे जास्त येतात, पण दांडीचे तराजू आणि लोखंडी मापं अजून संपलेली नाहीत. टेबलामागच्या कपाटात एक काचेची पेटी होती आणि तिच्यात पितळी मूळ मापं, ज्यांच्याशी बाकी सगळी मापं ताडून पाहायची. त्यांना उघड्या हातानं शिवायचं नाही; बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो. मऊ चामड्याच्या तुकड्यानं उचलायची, नाहीतर लाकडी चिमट्यानं. सहा वर्षांची असताना छटाकनं त्यातलं सगळ्यात लहान माप खिशात घालून शाळेत नेलं होतं. अप्पांनी मारलं नाही. फक्त पुढचे आठ दिवस ते त्या मापाशी बोलत होते आणि तिच्याशी नाही.

एखाद्या दुकानदाराचं लोखंडी माप कमी भरलं की अप्पा ते तळहातावर घेऊन उलटं करायचे. मापाच्या बुडाशी एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, त्यावर तपासणीचा शिक्का असतो. अप्पा आधी कडा बघायचे, मग शिसं बघायचे, मग छोट्या हातोडीनं टिचकी मारून कान लावायचे. आणि स्वतःलाच विचारायचे, "दोष कुणाचा? ओतणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा?" कडा झिजल्या असतील, शिसं उकरलेलं असेल, तर वापरणाऱ्याचा. पण कधी कधी कडा कोऱ्या असायच्या, शिसं शाबूत असायचं, आणि आवाज मात्र बद्द यायचा. म्हणजे ओततानाच लोखंडाच्या पोटात हवेचा बुडबुडा राहून गेलेला. वरून बघून कळत नाही. असं माप जन्मभर नीट चालतंही. पण कधी आपटलं, ओल लागली, तर चिरतं तिथूनच. अप्पांनी उभ्या आयुष्यात ह्या एका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय एकही माप परत केलं नाही. दुकानदार कंटाळायचे. "अप्पा, दोष माझ्या सासऱ्याचा धरा, पण माप द्या," असं बेकरीवाला म्हणायचा.

छटाकची आई सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. फुप्फुसाचा कॅन्सर. तिनं कधी तोंडाला सिगारेट लावली नव्हती. अप्पा मात्र ओढायचे. दुकानात, जिन्यात, जेवणानंतर त्याच खिडकीपाशी, आणि खिडकी बंद करून, कारण आईला वारा सोसत नसे. दिवसाला वीस. सगळं आवरल्यावर, माणसं पांगायच्या आधी, आईची मोठी बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "तू ओढलीस, ती गेली." ओरडून नाही, रडून नाही, पत्ता सांगावा तशी म्हणाली.

अप्पा उठले, खिडकी उघडली, खिशातलं पाकीट खाली रस्त्यावर टाकलं, आणि परत येऊन होते तिथे बसले. त्या दिवसापासून त्यांनी सिगारेट ओढली नाही आणि खिडकी लावली नाही.

छटाक तेव्हा चोवीस वर्षांची होती. मावशी बोलली तेव्हा ती अप्पांच्या शेजारीच बसलेली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि ती काही बोलली नाही. कारण तिलाही तसंच वाटत होतं. वर्षभर ती अप्पांशी कामापुरतंच बोलली. मग सवयीनं पुन्हा बोलणं सुरू झालं, दुकान सुरू राहिलं, सकाळचा चहा कोण करणार ह्यावरून भांडणंही होऊ लागली. पण ते एक वाक्य कुणी मागे घेतलं नाही. अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा नर्सनं फॉर्म भरताना विचारलं, "पत्नी कशानं गेल्या?" अप्पा म्हणाले, "माझ्या धुरानं." नर्सनं पेन थांबवलं आणि छटाककडे बघितलं. छटाक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

ह्या सगळ्याला सव्वीस वर्षं झाली आणि मग मामाला खोकला लागला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लायब्ररीत कारकून होता, आता निवृत्त. सिगारेटच्या बाबतीत आयुष्यभर कानाला खडा. शेजाऱ्यानं उदबत्ती लावली तरी हा खोकणार. त्याला तोच आजार निघाला. गोळ्या लागू पडल्या, मामा हिंडूफिरू लागला. मग डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचीही तपासणी केली आणि एका संध्याकाळी मामाचा फोन आला.

"बाळ, एक निरोप द्यायचाय. आपल्या घराण्यानं मला घर दिलं नाही, दागिना दिला नाही, डोक्यावर केससुद्धा धड दिले नाहीत. पण एक वस्तू न विसरता दिलेली निघाली."

"काय?"

"जनुकातला एक बदल. जन्मापासूनचा. त्यानं ह्या आजाराचा धोका वाढतो म्हणतात. भावंडांत असू शकतो, त्यांच्या मुलांत असू शकतो. मोठी ताई तर आता उरली नाही, तिला मूल नव्हतं. राहिलीस तू. जाऊन रक्त देऊन ये."

"माझ्यात असेल?"

"तुझ्या आईत असला तर निम्मी शक्यता. तिच्यात होता की नव्हता, ते विचारायला ती नाही," मामा म्हणाला आणि थोडा खोकला. "दाजींना काही सांगू नकोस एवढ्यात."

छटाकनं रक्त दिलं. अप्पांना सांगितलं, साखर बघायला दिलंय. पाच आठवड्यांनी तिला बोलावणं आलं.

त्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि कागदी रुमालांचा एक डबा होता. समोर बसलेल्या बाई तरुण होत्या आणि त्यांचं काम हेच होतं, की घराण्यातून काय आलंय आणि पुढे काय करायचं ते समजावून सांगणं. त्यांनी एका कागदावर वंशावळ काढलेली होती. पुरुषांचे चौकोन, बायकांची वर्तुळं, गेलेल्यांवर एक तिरपी रेघ. मामाचा चौकोन काळा भरलेला होता. त्यांनी पेन घेतलं आणि छटाकचं वर्तुळ अर्धं भरलं.

"बदल तुमच्यात आहे," त्या म्हणाल्या. "अर्धं भरलं, कारण आजार नाहीये. फक्त धोका आहे. आजार होईलच असं अजिबात नाही. पण इतरांपेक्षा शक्यता बरीच जास्त. म्हणून दरवर्षी एक स्कॅन करायचा, कमी किरणांचा. काही निघालंच तर लवकर सापडावं म्हणून. धूम्रपान करता?"

"नाही."

"छान. करूही नका, आणि कुणी ओढत असेल तिथे बसू नका."

छटाकनं मान हलवली. आता रडू येईल असं तिला वाटलं होतं. त्यासाठी तिनं घरून निघताना धुतलेला रुमालही घेतला होता. रडू आलं नाही. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली पुठ्ठा घातलेला होता, तिकडेच तिचं लक्ष जात होतं. दोन मिलिमीटरनं आखूड, तिनं मनात म्हटलं.

मग बाईंनी पेन आणखी वर नेलं आणि तिरपी रेघ असलेलं, इतका वेळ कोरं असलेलं एक वर्तुळ काळं केलं.

"हे काय केलंत?"

"ही तुमची आई. त्यांची तपासणी कधी झाली नाही, पण आता सांगता येतं. हा बदल फार दुर्मिळ आहे. मामांत आहे, आणि तोच तुमच्यात आहे. तर तो आईंमधूनच तुमच्यापर्यंत आला."

छटाक त्या वर्तुळाकडे बघत राहिली. शाई अजून ओली होती.

"म्हणजे वडिलांच्या धुरानं नव्हे?" तिनं विचारलं. पूर्ण तासात तिला खरोखर विचारायचा होता तो हा एवढाच प्रश्न.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "धुराचा वाटा नव्हताच, असं मी लिहून देणार नाही. धूर वाईटच. पण कधीही न ओढणाऱ्या बाईला इतक्या लवकर हा आजार झाला आणि अंगात हा बदल होता, म्हटल्यावर मोठा भाग ह्याचा असावा. नेमका कुणाचा किती, ते तोलून सांगता येत नाही."

"येत नाही?"

"कुणालाच नाही."

ती दुकानात परत आली तर बेकरीवाला काटा घेऊन थांबलेला होता. "ताई, हा काटा रोज सकाळी रिकामाच सात ग्रॅम दाखवतोय. काही न ठेवता. भूत बसलंय का बघा."

"भूत नाही, पीठ बसलंय," ती म्हणाली. तिनं काटा उघडला, ब्रशनं पीठ झाडलं, शून्यावर आणला, पाच मापं ठेवून बघितली. हात नेहमीसारखे चालत होते. दुपारी तिनं तीन मापांत शिसं ओतलं. चहा केला, प्यायला विसरली, गार झालेला मोरीत ओतला आणि पुन्हा केला. आपल्याला काहीतरी झालंय हे तिला ठाऊक होतं, पण ते शेजारच्या घरात कुणाला तरी झाल्यासारखं होतं. भिंतीपलीकडून आवाज येतोय, शब्द कळत नाहीत.

एकच गोष्ट तिला स्वच्छ कळत होती. वर अप्पा उघड्या खिडकीपाशी मफलर गुंडाळून बसलेले आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्या डोक्यावरचं ओझं थोडं तरी उतरवील असं काहीतरी आता तिच्यापाशी होतं, आणि ते सांगायचं तर स्वतःचं सांगावं लागणार होतं. आईच्या वर्तुळातली शाई तिच्याच वर्तुळातून आलेली होती.

ती सोळा दिवस गप्प राहिली. मामाचे फोन येत. "सांगितलंस का दाजींना?"

"काय सांगू? तुमची सुटका झाली, मी अडकले?"

"असं नको सांगूस."

"मग कसं सांगू, ते तू सांग."

मामा एकदा म्हणाला, "नुसतं माझं सांग. भावात होतं, तर बहिणीतही असणार, एवढंच म्हण. ते काय तपासायला जाणार आहेत?"

तिला ते पटलं. आणि इथेच ती चुकली. सबंध आयुष्य ज्या माणसाच्या शेजारी बसून ती काम शिकली, त्याच माणसाला तिनं न तपासलेलं माप द्यायचं ठरवलं.

रविवारी संध्याकाळी दुकान बंद होतं. अप्पा खिडकीपाशी बसून चामड्याचा तुकडा तेलानं मऊ करत होते. हात कापत असले तरी हे काम त्यांनी सोडलं नव्हतं. छटाक समोर बसली.

"अप्पा, मामाच्या आजाराचं कारण सापडलं. त्याच्या रक्तात जन्मापासून एक दोष आहे. घराण्यातला. त्यानं हा आजार होऊ शकतो, सिगारेट न ओढतासुद्धा."

"बरं."

"मग आईलाही त्यानंच झाला असणार."

अप्पांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "कशावरून?"

"सख्खा भाऊ ना तिचा."

"एका भट्टीतली दोन मापं," अप्पा म्हणाले. "एकात बुडबुडा निघाला म्हणून दुसऱ्यात असतोच का? किती वेळा सांगितलंय तुला? दुसरं हातात घेऊन वाजवून बघावं लागतं." ते रागावलेले नव्हते. तिला शिकवायचे त्याच आवाजात बोलत होते. "तिला कोण वाजवून बघणार आता?"

"डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टर म्हणाले, असेल. असेल वेगळं, आहे वेगळं. माझं समाधान करायला आलीस, कळलं मला. चहा टाक."

ती उठली नाही. अप्पांनी पुन्हा तुकडा हातात घेतला. खालून एक सायकल गेली. वाऱ्यानं कॅलेंडरचं पान फडफडलं आणि बसलं.

"तपासून बघितलंय," छटाक म्हणाली.

"कुणाला?"

"मला."

अप्पांचे हात थांबले. त्यांना समजायला किती वेळ लागला ते तिला सांगता आलं नसतं. मामा, आई, मुलगी. ते मनातल्या मनात एकेक पारड्यात ठेवून बघत असावेत. ह्या बाबतीत ते फार पक्के होते.

"साखर बघायला दिलं होतंस ते?"

"हो."

"तुझ्यात आहे."

"आहे. मामात आहे आणि माझ्यात आहे, म्हणजे आईत होतं. दुसरीकडून यायला वाट नाही. आजार नाहीये मला. होईलच असंही नाही. दरवर्षी बघत राहायचं."

अप्पांनी तुकडा मांडीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आणि माझ्या धुराचा वाटा किती?"

"तिथल्या बाई म्हणाल्या, तोलता येत नाही."

"काहीच नाही, असं म्हणाल्या का?"

"नाही. तसं म्हणाल्या नाहीत. पण मोठा भाग ह्याचा असावा म्हणाल्या."

अप्पांनी मान हलवली. दुकानदार खरं बोलला की ते अशीच मान हलवायचे. छटाकला वाटलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होईल. तसं काही दिसलं नाही. चेहरा होता तसाच होता, जरा म्हातारा.

"मला हे असं नको होतं," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षं मी ते धरून बसलो होतो, मला सवय झाली होती. आणखी थोडी वर्षं धरलं असतं. ते माझ्याकडेच राहू दे आणि तुझं काढून घ्या, असं होतं का, विचार त्या बाईंना."

"नाही होत, अप्पा."

"विचारलंस?"

"नाही."

"मग कशावरून?"

छटाकला हसू आलं, आणि ते हसू मधेच कुठेतरी अडकलं. धुतलेला रुमाल पिशवीतच होता आणि पिशवी खाली दुकानात. तिनं मनगटानंच नाक पुसलं.

"त्या दिवशी मावशी बोलली," ती म्हणाली, "तेव्हा मी तुमच्या शेजारी होते. मी काही बोलले नाही."

"तुला काय माहीत होतं तेव्हा?"

"काहीच नाही. पण तुमच्याकडे बघायला पाहिजे होतं मी. तेवढंसुद्धा केलं नाही."

अप्पांनी चामड्याच्या तुकड्याची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, आणि तुकडा तिच्या हातात दिला. "झालाय मऊ. पेटीत ठेव."

मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि खिडकीकडे वळले. त्यांनी उजवीकडचं दार भिंतीपासून ओढलं. बिजागरी इतक्या जोरात करकरली की समोरच्या गॅलरीतली बाई वळून बघू लागली. मग डावीकडचं. दोन्ही दारं मधे आली आणि अडली. ऊन-पाण्यानं लाकूड पिळवटलेलं होतं. अप्पांनी तळहातानं दाबून बघितलं, खांदा लावून बघितला. छटाकही उठली आणि दोघांनी मिळून दाबलं. तरी बोटभर फट राहिलीच.

अप्पांनी त्या फटीत करंगळी घालून बघितली. "वरून खालपर्यंत सारखी नाही. खाली जास्त आहे."

"रंधा मारावा लागेल."

"कशाला? घर कोंदून खोकायला लागलीस म्हणजे? हवा लागते माणसाला." ते खुर्चीकडे वळले. "स्कॅन कधी आहे?"

"मंगळवारी दहाला."

"साडेनऊला निघू."

"तुम्ही कशाला? दोन जिने चढायचे आहेत तिथे."

"मग नऊला निघू," अप्पा म्हणाले आणि खुर्ची खिडकीपासून थोडी अलीकडे ओढून बसले. मफलर मात्र त्यांनी काढला नाही. छटाक चहा टाकायला आत गेली. फटीतून वारा येत होता, पण आता त्याला आवाज होता, बारीक शिटीसारखा.